तीस बाथच्या आधीची तीस वर्षे

सरकारी आरोग्ययोजनेची थोरवी लाखांत सांगायची आपल्याला सवय लागली आहे. महाराष्ट्रातली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना दीड लाखाची होती, ती पाच लाखांची झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली तीच पाच लाखांचा आकडा घेऊन. थायलंडमध्ये जानेवारी २००१ मध्ये थाक्सिन शिनावात यांच्या थाय राक थाय पक्षाने निवडणूक जिंकली, तेव्हा त्यांच्या प्रचारातही एक आकडा होता : तीस बाथमध्ये सर्व आजारांवर उपचार. त्या वेळच्या दराने तीस बाथ म्हणजे आपले तीस-बत्तीस रुपये. आकडे दोन्हीकडे आहेत, पण ते मोजलेत उलट्या बाजूंनी. पाच लाख ही सरकारने स्वतःच्या खर्चाला घातलेली मर्यादा आहे. त्यापुढचे ज्याचे त्याने बघायचे. तीस बाथ ही रुग्णाच्या खर्चाला घातलेली मर्यादा होती. त्यापुढचे सरकारने बघायचे.

हा फरक घोषणा लिहिणाऱ्याच्या हुशारीतून आलेला नाही. ज्या सरकारच्या हाताशी स्वतःचे चालते दवाखाने असतात, त्यालाच दुसऱ्या प्रकारची घोषणा परवडते. थायलंडची गोष्ट सांगताना बहुतेक जण २००१ पासून सुरुवात करतात : एक धनाढ्य, लोकानुनयी नेता आला, त्याने मतांसाठी आश्वासन दिले आणि आश्चर्य म्हणजे ते पाळले. माझ्या मते ती गोष्टीची अखेर आहे. सर्वांना मोफत उपचाराची घोषणा ही आरोग्यव्यवस्था बांधण्याची शेवटची पायरी असते, आणि आपण तिलाच पहिली समजून बसलो आहोत.

२००१ चे थायलंड श्रीमंत नव्हते. दरडोई उत्पन्न वर्षाला साधारण १,९०० डॉलर. १९९७ च्या आर्थिक अरिष्टाची सुरुवातच मुळी बाथ कोसळण्यापासून झाली होती आणि त्यातून देश जेमतेम सावरत होता. अशा वेळी करांतून सगळ्यांच्या औषधपाण्याचा खर्च उचलणे झेपणार नाही, असे देशातले आणि बाहेरचे अनेक जाणकार सांगत होते. तरीही एप्रिल २००१ मध्ये सहा प्रांतांत सुरू झालेली योजना वर्षभरात देशभर पोहोचली. वर्षभरात एवढे काम होत नसते. ते आधीच झालेले होते.

त्याची सुरुवात डॉक्टरांच्या गळतीपासून झाली. १९६० च्या दशकात सरकारी खर्चाने शिकलेले तरुण थाई डॉक्टर मोठ्या संख्येने अमेरिकेची वाट धरत होते. त्यावर उपाय म्हणून नव्या डॉक्टरांवर तीन वर्षांच्या सरकारी सेवेचा बॉण्ड आला आणि १९७२ पासून तो नेटाने राबवला गेला. मोडणाऱ्याला पुढे चार लाख बाथपर्यंत दंड ठरला. बॉण्ड आपल्यालाही नवा नाही. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्यावर एक वर्षाच्या सेवेचे बंधन असते; ते मोडणाऱ्याला दहा लाखांचा दंड ठरलेला होता. पण दंडाच्या धाकाने आणलेला डॉक्टर दिवस मोजत राहतो. तो टिकायचा तर पोहोचेल तिथे काम करता येईल असे रुग्णालय लागते, राहायला घर लागते, परिचारिका लागतात, आणि अडल्यावर सल्ला विचारायला समवयस्क लागतात. थायलंडने बॉण्डच्या जोडीला हे सगळे उभे करत नेले. दुर्गम भागासाठी वेगळा भत्ता आला. खेड्यातल्याच मुलींना परिचर्या शिकवून त्यांच्याच भागात नेमण्याचे मार्ग काढले गेले. तिथला ‘आम्फो’ आपल्या तालुक्यासारखा. अशा एकेका आम्फोत दहा खाटांचे, तीस खाटांचे रुग्णालय उभे राहत गेले आणि पुष्कळ ठिकाणी पंचविशीतला डॉक्टरच त्याचा प्रमुख झाला.

पैसा कुठून आला, हा भाग सर्वांत बोधप्रद आहे. १९८२ ते १९८६ या पंचवार्षिक आराखड्यात शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांतली नवी गुंतवणूक जवळजवळ गोठवली आणि तो पैसा तालुक्यांकडे वळवला. राजधानीतल्या बड्या प्राध्यापक-डॉक्टरांची नाराजी पत्करून हे करणे कुठल्याही देशात सोपे नाही. यामागे निव्वळ सद्भावना नव्हती, हेही सांगायला हवे. थायलंडच्या ग्रामीण भागात, विशेषतः ईशान्येकडच्या इसानमध्ये, कम्युनिस्ट बंडखोरी पसरली होती. शेजारचे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया १९७५ मध्ये कम्युनिस्टांच्या हाती गेले होते. खेड्यात सरकार दिसले पाहिजे, ही बँकॉकच्या राज्यकर्त्यांची गरज होती. हेतू काहीही असो, १९९० च्या सुमारास देशातल्या जवळपास प्रत्येक आम्फोत रुग्णालय आणि त्याखाली गावगटांची आरोग्यकेंद्रे होती. साध्या तापखोकल्यासाठी प्रांताच्या मोठ्या रुग्णालयाकडे धावणारे लोक हळूहळू जवळच्या केंद्रात जाऊ लागले. तीस बाथची योजना आली ती या वाटेवर. लोकांची दवाखान्यात जायची सवय तिने लावली नाही. तिथल्या खिडकीवर द्यावे लागणारे पैसे तेवढे तीस बाथवर आणले.

मधल्या काळात त्यांनी आपण आजही करतो ते सारे प्रयोग करून पाहिले. १९७५ मध्ये कुक्रित प्रामोत यांच्या सरकारने गरिबांना मोफत उपचार जाहीर केले. मग गरीब कोण हे ठरवणे आले, दाखले आले, कार्ड आले आणि कार्ड मिळवून देणारेही आले. बरेच कार्डधारक गरीब नव्हते आणि बऱ्याच गरिबांकडे कार्ड नव्हते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना हे फोडून सांगायला नको. १९८३ मध्ये स्वेच्छेने विकत घ्यायचे आरोग्यकार्ड निघाले. ते मुख्यतः ज्याच्या घरात आजारपण आहे तोच घ्यायचा आणि धडधाकट माणूस कशाला पैसे घालवू म्हणायचा, त्यामुळे हिशोब कधी जुळेना. सरकारी नोकरांची सोय वेगळी होती. १९९० च्या कायद्याने खासगी कंपन्यांतल्या पगारदारांसाठी सामाजिक सुरक्षा योजना आली. एवढी ठिगळे लावूनही २००१ मध्ये सुमारे तीस टक्के लोक कुठल्याच योजनेत बसत नव्हते. त्यांत होते छोटे शेतकरी, फेरीवाले, हंगामी मजूर, म्हणजे दारिद्र्याच्या दाखल्यासाठी थोडे वरचे आणि पगाराच्या चिठ्ठीसाठी फार खालचे लोक.

इथे डॉ. सांगुआन नित्यारुम्फोंग यांचे नाव घ्यावे लागते. बॉण्डच्या त्या व्यवस्थेतून खेड्यात गेलेल्या पिढीतले हे डॉक्टर. १९७३ च्या विद्यार्थी उठावाच्या वातावरणात वाढलेले, इसानमधल्या सी सा केत प्रांतात रासी सालाईच्या रुग्णालयात काम केलेले. तिथे त्यांनी जे पाहिले ते आपल्याकडचा कोणताही मेडिकल ऑफिसर सांगेल : बरा झालेला रुग्ण घरी जातो तो कर्ज घेऊन, जमीन किंवा जनावर विकून. पुढे आरोग्य मंत्रालयात गेल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे एकच आकडेमोड केली : गरीब-श्रीमंत न निवडता सगळ्यांनाच घेतले तर माणशी किती खर्च येईल? उत्तर हाती आल्यावर ते राजकीय पक्षांकडे गेले. थाक्सिन यांच्या पक्षाने ते उचलले. त्याच वेळी सामाजिक कार्यकर्ते जॉन उंगपाकॉर्न आणि स्वयंसेवी संघटना पन्नास हजार सह्या गोळा करत होत्या, कारण १९९७ च्या राज्यघटनेने तेवढ्या सह्यांवर नागरिकांना स्वतःचे विधेयक संसदेपुढे ठेवायचा हक्क दिला होता. थायलंडचे ज्येष्ठ डॉक्टर-विचारवंत प्रवेत वासी यांनी यालाच डोंगर हलवणारा त्रिकोण म्हटले. अभ्यास, लोकचळवळ आणि राजकीय सत्ता हे त्याचे तीन कोन. आपल्याकडे अभ्यास कपाटात असतो, चळवळ रस्त्यावर असते आणि सत्ता घोषणेत असते. तिघांची गाठ क्वचितच पडते.

नोव्हेंबर २००२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा झाला आणि डॉ. सांगुआन योजना चालवणाऱ्या नव्या कार्यालयाचे पहिले महासचिव झाले. त्या कायद्यातली पैशांची रीत नीट समजून घेण्याजोगी आहे.

विमा योजनेत पैसे बिलामागे मिळतात. शस्त्रक्रिया झाली, पॅकेज लागले, रुग्णालयाने दावा पाठवला, पैसे आले. जास्त शस्त्रक्रिया, जास्त पैसे. ओपीडीत साखर आणि रक्तदाब सांभाळून ती शस्त्रक्रिया टाळणाऱ्या डॉक्टरला यात काही मिळत नाही. थायलंडने बाह्यरुग्ण सेवेसाठी बिलाऐवजी माणूस मोजला. तालुक्यात नोंदलेली माणसे गुणिले ठरलेला दर, एवढी रक्कम वर्षासाठी तिथल्या रुग्णालयाला आणि त्याखालच्या केंद्रांना. त्यात माणसे आजारी पडोत की न पडोत. २००२ मध्ये सगळा खर्च धरून हा दर माणशी १,२०२ बाथ होता. आता विचार करा, तालुक्याच्या रुग्णालयाच्या प्रमुखाने काय केले तर त्याचे पैसे उरतील? मधुमेहींना वेळेवर गोळ्या पोचवल्या तर. गरोदर बाईची नोंद लवकर झाली तर. भरती रुग्णांसाठी आजाराच्या गटानुसार पैसे मिळतात, पण त्याचीही वर्षाची एकूण रक्कम आधीच बांधलेली. म्हणून बिले फुगवून तिजोरी रिकामी करता येत नाही.

या रीतीचा दुसरा परिणाम राजकीय होता. आधी पैसा खाटा आणि कर्मचारी बघून जायचा, म्हणून डॉक्टर जिथे जास्त तिथे पैसाही जास्त. माणशी दर लागू होताच लोक जास्त आणि डॉक्टर कमी असलेल्या इसानला एकदम भरपूर मिळाले, आणि मध्य थायलंडमधल्या भरल्या रुग्णालयांना पगार भागेनात. मंत्रालयातून आणि डॉक्टरांतून मोठी ओरड झाली. सरकारला आपत्कालीन निधी काढावा लागला, पगारांच्या बाबतीत माघारही घ्यावी लागली. न्याय्य वाटप म्हणजे कोणाच्या तरी हातातले काढून दुसऱ्याला देणे असते, आणि ज्याचे जाते तो गप्प बसत नाही. समानतेची भाषणे करणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावे.

ठरलेल्या रकमेत काम करायचे तर काय द्यायचे आणि काय नाही, हे उघडपणे ठरवावे लागते. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचे डायलिसिस सुरुवातीला योजनेत नव्हते. खर्च पेलणार नाही असे म्हटले गेले. एड्सच्या औषधांबाबतही आधी तीच भूमिका होती. रुग्णांच्या संघटनांनी ती मोडून काढली. एचआयव्हीची औषधे योजनेत आली, आणि ती परवडावीत म्हणून नोव्हेंबर २००६ मध्ये एफाविरेन्झ या औषधाचे पेटंट बाजूला सारणारा सक्तीचा परवाना थायलंडने काढला व भारतात बनलेले स्वस्त औषध आयात केले. जानेवारी २००७ मध्ये आणखी दोन औषधांवर तसेच परवाने निघाले, त्यांत हृदयरुग्णांना लागणारे क्लोपिडोग्रेल होते. अमेरिकेने थायलंडला व्यापारातल्या नजर ठेवण्याच्या यादीत वर चढवले, एका बड्या औषध कंपनीने नव्या औषधांच्या तिथल्या नोंदणीचे अर्ज मागे घेतले. सरकार हलले नाही.

डायलिसिसचा निर्णय २००८ मध्ये झाला आणि तोही हिशोब घालून. यंत्राचे डायलिसिस शहरात होते. इसानमधल्या शेतकऱ्याने आठवड्यातून दोन-तीनदा तिथे जायचे म्हणजे मजुरी बुडाली आणि बसभाडे वाढले. म्हणून पोटाच्या पोकळीतून घरीच करता येणाऱ्या डायलिसिसला प्राधान्य मिळाले. त्याच्या द्रावणाच्या पिशव्या सरकारी औषध संस्थेकडून पोस्टामार्फत रुग्णाच्या दारात येऊ लागल्या. रुग्ण आणि घरातले एखादे माणूस परिचारिकेकडून स्वच्छतेची सगळी पद्धत शिकून घेतात, हात धुऊन, मास्क लावून दिवसातून चार वेळा द्रव बदलतात, आणि अडचण आली तर त्याच परिचारिकेला फोन करतात. २०२२ मध्ये रुग्णाला कुठलेही डायलिसिस निवडण्याची मुभा दिली. ऐकायला हे उत्तम वाटते. प्रत्यक्षात यंत्रांकडे लोंढा वळला, खर्च झपाट्याने चढला, आणि २०२५ मध्ये घरच्या डायलिसिसला पुन्हा अग्रक्रम द्यावा लागला. निवडीचे स्वातंत्र्य आणि सर्वांना पुरेल इतकी सेवा यांत ओढाताण असते, ती कोणत्याही कायद्याने मिटत नाही.

थाक्सिन यांना सप्टेंबर २००६ मध्ये लष्कराने हटवले. त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप होते, त्यांच्या कारकिर्दीतली अमली पदार्थविरोधी मोहीम रक्तरंजित होती, आणि त्यांची प्रत्येक खूण पुसायला विरोधक टपलेले होते. आरोग्ययोजना मात्र कोणी पुसली नाही. लष्कराने नेमलेल्या सरकारचे आरोग्यमंत्री डॉ. मोंगकोन ना सोंगख्ला हेही एके काळचे ग्रामीण डॉक्टर. त्यांनी तीस बाथचे शुल्कच काढून टाकले आणि योजना पूर्ण मोफत केली. २०१४ मध्ये आणखी एक लष्करी उठाव झाला, रुग्णांकडून शुल्क घेण्याच्या चर्चा झाल्या, योजना टिकली. नेत्याच्या नावाने चालणारी योजना नेत्याबरोबर जाते. ही योजना कायद्यातला हक्क होती. तिच्या तीस जणांच्या मंडळावर नागरी संघटनांच्या पाच आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या चार जागा कायद्याने राखलेल्या आहेत. उपचारात इजा झाली तर कोणाची चूक हे सिद्ध न करताही रुग्णाला भरपाई मिळते; त्यासाठी निधीचा एक टक्क्यापर्यंत भाग ठेवायची तरतूद कलम ४१ मध्ये आहे. १३३० हा तक्रारीचा क्रमांक लोकांना पाठ आहे. तीन चतुर्थांश देश, म्हणजे पावणेपाच कोटींच्या आसपास लोक, एकाच योजनेत असल्यावर तिला हात लावायची छाती कुठल्या सरकारला होईल? केवळ गरिबांची योजना कापताना सरकारला फारसा आवाज ऐकू येत नाही. सर्वांची योजना कापायला गेले की येतो.

या व्यवस्थेचे दोषही लपलेले नाहीत. अनेक सरकारी रुग्णालये तोट्यात असतात, कारण माणशी दर औषधांच्या आणि पगारांच्या वाढीमागे रखडतो. ओपीडीत रांगा लांब असतात. कामाच्या ओझ्याने तरुण डॉक्टर बॉण्ड संपताच, कधी त्याआधीच, खासगीकडे जातात, आणि परदेशी रुग्णांवर चालणारी बँकॉकची पंचतारांकित रुग्णालये त्यांना चांगला पगार देतात. २०२० मध्ये राजधानीतल्या कित्येक खासगी दवाखान्यांनी न केलेल्या तपासण्यांचे पैसे उचलल्याचे उघड झाले आणि त्यांचे करार रद्द झाले. सरकारी नोकरांची योजना आजही वेगळी आहे आणि तिथे माणशी खर्च कित्येक पट अधिक होतो. शिवाय देश झपाट्याने म्हातारा होतो आहे.

तरीही मुख्य कसोटीवर हिशोब स्पष्ट आहे. आजारपणाच्या खर्चाने कंबरडे मोडलेल्या कुटुंबांचे प्रमाण १९९६ मध्ये सहा टक्क्यांच्या आसपास होते, ते पुढच्या वीस वर्षांत दोन टक्क्यांच्या घरात आले. एकूण आरोग्यखर्चातला खिशातून जाणारा हिस्सा दहाव्या भागाच्या आसपास उतरला. भारतात २०२१–२२ मध्ये तो ३९ टक्के होता. सरकारे आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती खर्च करतात हे पाहिले की कोडे उलगडते : तिकडे साधारण तीन टक्के, आपल्याकडे त्या वर्षी १.८४ टक्के.

आपल्याकडे कल्पना कमी होत्या असे कोणी म्हणू नये. भोर समितीने सरकारी खर्चाच्या, सर्वांसाठीच्या, खेड्यापासून सुरू होणाऱ्या व्यवस्थेचा आराखडा १९४६ मध्येच मांडला होता. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, आणि अडाणी समजल्या गेलेल्या बायका गावाचे आरोग्य सांभाळू शकतात हे जगाला दाखवले. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेमागे ज्या थोड्या प्रयोगांची प्रेरणा होती, त्यांत जामखेड होते. थायलंडने त्याच सुमारास गावोगावी आरोग्यस्वयंसेवक उभे करायला घेतले आणि त्यांची संख्या दहा लाखांवर नेली. आपण जामखेडला पुरस्कार दिले, पाहुणे नेऊन दाखवले, आणि आशा कार्यकर्ती यायला २००५ साल उजाडले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आधी दवाखाने, मग हमी, असे म्हणत बसलो तर हमीचा दिवस कधीच उगवणार नाही. आज ज्याच्या छातीत कळ येते आहे त्याला पाच लाखांचे कवच आजच हवे. ते खरे आहे, आणि फुले योजनेतून झालेल्या हृदयाच्या शस्त्रक्रियांनी अनेक घरे वाचवली आहेत. पण त्या योजनेचा भर भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही आणि बहुतेक कुटुंबांचा पैसा झिरपतो तो तिथेच. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले, हा निर्णय थायलंडच्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. मात्र केस पेपर मोफत झाल्यावर डॉक्टरने ‘बाहेरून आणा’ म्हणून औषधाची चिठ्ठी दिली, किंवा भूलतज्ज्ञाचे पद रिक्त म्हणून बाळंतिणीला जिल्ह्याला रेफर केले, तर ते मोफतपण कागदावर राहते. तीस खाटांची ग्रामीण रुग्णालये आपल्याकडेही आहेत. भिंती थायलंडइतक्याच; आत माणसे आणि औषधे कमी.

म्हणून पुढच्या निवडणुकीत कोणी कवच पाचाचे दहा लाख करू म्हणाला, तर त्याला तीन साधे प्रश्न विचारावेत. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात किती मंजूर पदे भरलेली आहेत आणि उरलेली कधी भरणार? माणशी वर्षाला किती रुपये तिथे येतील आणि तो आकडा दरवर्षी जाहीर होईल का? आणि उपचार नाकारले गेले, तर कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आम्ही दाद मागायची? तीनही प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे असतील, त्याला लाखांचा आकडा सांगायची गरजच पडणार नाही.